घाटात बंद पडणारी इलेक्ट्रिक स्कूटर: दोष उन्हाचा, सेलचा की कनेक्टरचा?

तक्रार ठरलेली असते. सपाटीला गाडी छान पळते. साताऱ्यात पोवई नाका ते एमआयडीसी रोजचं जाणं-येणं, कधी कुरकुर नाही. पण मार्च सरला आणि डबलसीट कासच्या रस्त्याला लागलं, की यवतेश्वरच्या चढावर गाडी मध्येच गप्प. मीटरवर बॅटरी ४० टक्के दिसत असते. थोडं थांबलं की पुन्हा चालू होते, दोन वळणं चढते आणि परत तेच. गॅरेजवाला ती सपाट रस्त्यावर चालवून बघतो, तिथे काहीच सापडत नाही, आणि शेवटी निकाल एकच: बॅटरी गेली, नवी टाका.

नवा पॅक घेण्याआधी खालच्या तपासण्या करून बघा. अशा गाड्यांमध्ये अख्खा पॅक खराब झालेला क्वचितच असतो. बहुतेक वेळा एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या सेलच्या गटांपैकी एखादाच गट म्हातारा झालेला असतो, नाहीतर अंगठ्याएवढा एखादा कनेक्टर आतून जळालेला असतो. ऊन हे निमित्त.

आधी घड्याळ बघा

गाडी बंद पडल्यावर पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागतो, यावरून निम्मं निदान होतं. मल्टिमीटर त्यानंतर काढायचा.

चावी बंद करून लगेच चालू केली आणि गाडी उठली, तर तो तापमानाचा दोष नाही. इतकी उष्णता पाच सेकंदांत कुठे जात नाही. इथे बीएमएसने (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या पॅकमधल्या सर्किटने) कमी व्होल्टेजमुळे किंवा जास्त करंटमुळे लाइन तोडलेली असते. लोड गेला की व्होल्टेज वर येतं आणि बीएमएस पुन्हा लाइन जोडतं. काही बीएमएस कमी व्होल्टेजवर एकदा तुटले की चार्जर लावेपर्यंत उठतच नाहीत. तसं होत असेल तर निदान आणखी पक्कं.

पाच-दहा मिनिटांनी उठत असेल तर कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला जाणारा करंट सांभाळणारा डबा) तापला असण्याची शक्यता जास्त. त्याचं ॲल्युमिनियमचं कवच वाऱ्याला असतं, ते लवकर निवतं. अर्धा तास किंवा त्याहून जास्त थांबावं लागलं तर बॅटरीच तापली आहे. प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या बंद डब्यातलं दहा-अकरा किलोचं धूड इतक्या सहज गार होत नाही.

खड्ड्यात आपटल्यावर किंवा हँडल वळवल्यावर बंद पडत असेल तर रसायनशास्त्र विसरा आणि वायरिंग, एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच), चावीचा स्विच तपासा.

चढावर नेमकं काय बदलतं

हा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे, कारण ‘सपाटीला चालते मग चढाला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो धरू. पॅक ६० व्होल्ट, ३० अँपिअर-अवरचा. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना टायरचं घर्षण आणि वारा यांना तोंड द्यायला चाकापाशी साधारण ५५० वॅट लागतात. मोटर-कंट्रोलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून ६९० वॅट, म्हणजे साडेअकरा अँपिअर. आता त्याच वेगाने ८ टक्के चढ चढायचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. चाकापाशी जवळपास २२०० वॅट लागतात, बॅटरीतून २७०० च्या वर, म्हणजे ४५ ते ४६ अँपिअर. करंट चौपट झाला.

पण सेलच्या आत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट चौपट म्हणजे उष्णता सोळापट. पॅकचा एकूण अंतर्गत रेझिस्टन्स ६० मिलिओहम असेल तर सपाटीला पॅकमध्ये ८ वॅट उष्णता तयार होते, एखाद्या एलईडी बल्बइतकी. चढावर तीच १२५ वॅटच्या पुढे जाते.

सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि कासचं पठार १२०० च्या आसपास. ५०० मीटरचा चढ सलग ८ टक्क्यांचा धरला तर सव्वासहा किलोमीटर, साडेबारा मिनिटं. तेवढ्या वेळात ११ किलो सेलचं तापमान ८ ते ९ अंशांनी वाढतं. पॅक ४२ अंशांवर निघाला असेल तर ५१ ला पोचतो. बहुतेक बीएमएस डिस्चार्ज ६० अंशांच्या आसपास तोडतात, त्यामुळे नवा पॅक चढून जातो. पण पॅक जुना होऊन रेझिस्टन्स दुप्पट झाला असेल, तर वाढ १७ अंशांची होते: ४२ अधिक १७, म्हणजे ५९. गाडी पठाराच्या तोंडाशी बंद पडते ती इथे.

यातले ४२ अंश आले कुठून? साताऱ्यात एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा ३८-४० ला टेकतो. गाडी दुपारभर उन्हात उभी असली तर डिक्कीखालचा पॅक त्याच्याही वर जातो. शिवाय निघण्याआधी ‘घाट चढायचाय, फुल करून घेऊ’ म्हणून चार्जिंग केलेलं असतं, त्याची ऊब वेगळी. म्हणून सकाळी आठला निघालेली तीच गाडी तोच घाट निमूट चढते आणि दुपारी दोनला अडते.

हळू चढवलं तर?

सगळेच हा सल्ला देतात. तो बॅटरीसाठी बरोबर आहे आणि मोटरसाठी चूक. ३० ऐवजी २० च्या वेगाने चढलं तर बॅटरीचा करंट ४६ वरून ३० अँपिअरपर्यंत उतरतो. वेळ दीडपट लागतो, तरी पॅकमध्ये साठणारी एकूण उष्णता साधारण एकतृतीयांशाने कमी होते. पण मागच्या चाकातली हब मोटर चढाला जो जोर लावते तो वेग कमी केल्याने फारसा घटत नाही. जोर तेवढाच, म्हणजे मोटरच्या वाइंडिंगमधला करंटही जवळपास तेवढाच. वेळ मात्र दीडपट, म्हणून मोटर जास्त तापते. १० च्या वेगाने रांगत चढवलेली हब मोटर जळते ती याच कारणाने. तेव्हा २० ते २५ चा वेग धरावा. त्याच्याही खाली यावं लागत असेल तर मागे बसलेल्याला उतरवा. ताशी २५ किलोमीटर मर्यादेच्या, नोंदणी न लागणाऱ्या २५० वॅटच्या गाड्या डबलसीट घाटासाठी बनलेल्याच नाहीत. त्यांच्याबाबत हा लेख वाचून उपयोग नाही.

कमजोर गट कसा शोधायचा

गाडी लगेच उठत असेल तर इथून सुरुवात करा. ६० व्होल्टचा पॅक म्हणजे एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) रसायनाचे १६ किंवा १७ गट सिरीजमध्ये, किंवा एलएफपीचे (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) १९-२० गट. बीएमएस प्रत्येक गटाचं व्होल्टेज वेगळं मोजतं आणि सगळ्यात खालचा गट मर्यादेखाली गेला की अख्खी गाडी थांबवतं. मीटरवरचे ४० टक्के हे सगळ्यांच्या बेरजेवरून काढलेले असतात. बाकीच्या पंधरा जणांनी सोळाव्याचं दुखणं झाकून टाकलेलं असतं.

चांगल्या गटाचा रेझिस्टन्स ३.७५ मिलिओहम असेल तर ४६ अँपिअरवर त्याचं व्होल्टेज ०.१७ ने पडतं. कमजोर गटाचा १० मिलिओहम झाला असेल तर ०.४६ ने. विश्रांतीत ३.५ व्होल्ट दाखवणारा हा गट चढावर ३.०४ ला येतो, आणि एनएमसीची तोडमर्यादा २.८ ते ३.० असते. त्याच वेळी त्या एका गटात २१ वॅट उष्णता तयार होत असते, शेजाऱ्यांमध्ये ८-८ वॅट. तापल्यामुळे तो आणखी लवकर म्हातारा होतो. हे चक्र एकदा लागलं की थांबत नाही.

ब्लूटूथवालं बीएमएस असेल तर काम सोपं. मोबाइलवर गटांची व्होल्टेज उघडा. गाडी तासभर उभी असताना सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटात २० मिलिव्होल्टच्या आत फरक हवा. मग मागे बसणाऱ्याला मोबाइल बघायला सांगून चढावर जोर द्या. फरक १०० मिलिव्होल्टच्या आत राहिला तर ठीक. २०० च्या पुढे गेला आणि दर वेळी तोच एक नंबर खाली जात असेल, तर चोर सापडला.

ब्लूटूथ नसेल तर पॅक उघडून बीएमएसच्या सेन्स वायरच्या (प्रत्येक गटाचं व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक वायरींच्या) सॉकेटवर एकेक गट मोजावा लागतो. हे काम ज्याला येतं त्यानेच करायचं. ७२ व्होल्टचा एनएमसी पॅक फुल असताना ८४ व्होल्ट डीसी देतो, तो झटका साधा नव्हे. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर टेप गुंडाळा. कंपनीचा सीलबंद पॅक वॉरंटीत असेल तर उघडू नका, मोजमापाची मागणी लेखी करा. मोजायची वेळही महत्त्वाची आहे. फुल चार्जला सगळे गट सारखेच दिसतात. बॅटरी २५-३० टक्क्यांवर आणून मोजा, फरक तिथे उघडा पडतो.

आता दोन शक्यता. गट नुसता मागे पडलेला असेल, रेझिस्टन्स चांगला असेल, तर बॅलन्सिंगने (सगळे गट सारख्या पातळीवर आणण्याने) सुधारतो. पण धीर हवा. साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट ३० ते १०० मिलिअँपिअर असतो. २ अँपिअर-अवरचा फरक ६० मिलिअँपिअरने भरायला ३३ तास लागतात, आणि ते बॅलन्सिंगही चार्जिंग शंभर टक्क्यांच्या जवळ आल्यावरच चालू होतं. म्हणून ९० टक्क्यांवर चार्जर ओढून काढणाऱ्यांचा पॅक कधी सरळ होत नाही. सलग चार-पाच वेळा पूर्ण चार्ज करून त्यावर काही तास चार्जर लावून ठेवा, अर्थात गार जागी आणि घरात कोणी जागं असताना.

गट लोडखाली कोसळत असेल तर मात्र तो उघडून बघावा लागतो. १८६५० आकाराचे १२ सेल पॅरललमध्ये असलेल्या गटात दोन सेलची निकेल पट्टी सुटली, तर उरलेल्या दहांवर २० टक्के जादा करंट येतो आणि प्रत्येकात उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. पट्टी पुन्हा स्पॉट वेल्ड केली की काम भागतं. सेलला सोल्डर गन लावू नका, ती उष्णता सेलमधले दोन ध्रुव वेगळे ठेवणाऱ्या आतल्या पडद्यापर्यंत थेट जाते. पट्टी शुद्ध निकेलचीच घ्या. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टीही मिळते, तिचा रेझिस्टन्स दुपटीच्या आसपास असतो. लोहचुंबकाने फरक कळत नाही, दोन्ही चिकटतात. पट्टी खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, लोखंड असेल तर सकाळी गंज दिसतो.

आणि जुन्या पॅकमध्ये एकच नवा गट बसवून प्रश्न सुटत नाही. क्षमता जुळत नाही, चार-सहा महिन्यांत शेजारचा गट आडवा होतो. वापरलेले, पण क्षमता आणि रेझिस्टन्स मोजून जुळवलेले सेल त्यापेक्षा बरे.

कनेक्टर: पावसाचं देणं उन्हाळ्यात

पॅक ते कंट्रोलर जोडणारा कनेक्टर आधी बघावा असं खरं तर म्हणायला हवं, कारण तो बघायला पाच मिनिटं लागतात. संपर्क बिंदूचा रेझिस्टन्स १० मिलिओहम झाला तर ४६ अँपिअरवर तिथे २१ वॅट उष्णता तयार होते. छोटं सोल्डरिंग आयर्न याच ताकदीचं असतं. प्लास्टिक वितळतं, स्प्रिंगची ताकद जाते, संपर्क आणखी बिघडतो.

हे सुरू होतं जून ते सप्टेंबरमध्ये. कास, बामणोली, मेढ्याकडच्या पावसात फिरलेल्या किंवा सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर जेटने धुतलेल्या गाडीच्या कनेक्टरमध्ये ओल राहते. तांब्यावर हिरवट थर येतो. हिवाळ्यात सपाटीच्या ११ अँपिअरला तो जाणवत नाही. एप्रिलमध्ये पहिल्या घाटाला जाणवतो.

घाट चढून थांबल्यावर लगेच, गाडी बंद करून, इन्फ्रारेड थर्मामीटरने कनेक्टर, एमसीबीची दोन्ही टोकं, फ्यूजचा होल्डर आणि कंट्रोलरचे लग (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या) बघा. एकच जागा बाकीच्यांपेक्षा १५-२० अंशांनी गरम दिसली तर दोष तिथेच. थर्मामीटर नसेल तर वायरच्या इन्सुलेशनवर हाताची मागची बाजू टेकवून बघा, उघड्या धातूला हात नको. मल्टिमीटरने बघायचं तर जोडाच्या अलीकडे-पलीकडे टोकं लावून लोडखाली किती मिलिव्होल्ट पडतात ते बघतात. ४५ अँपिअरला ५० पर्यंत चालेल, ३०० दिसले तर जोड बदलायचा. हे मोजमाप चालत्या गाडीवर नको, मेन स्टँडवर मागचं चाक उचलून नीट लोड देता येणाऱ्या ठिकाणीच करा.

काळा पडलेला कनेक्टर घासून परत लावू नका. दोन्ही बाजू बदला, वायर चार-पाच सेंटीमीटर मागे कापा, कारण तापलेलं तांबं आतपर्यंत काळं झालेलं असतं आणि त्यावर क्रिम्प धरत नाही. लग क्रिम्पिंग प्लायरने दाबा, पकडीने चेपलेला लग वर्षभरात सैल होतो. जोडावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या.

सेन्सर खोटं बोलत असेल तर

कधी कधी पॅक हाताला कोमट लागतो आणि बीएमएस मात्र ६५ अंश दाखवून बसतं. आतला सेन्सर बहुधा १० किलोओहमचा एनटीसी (तापेल तसा रेझिस्टन्स कमी होणारा) असतो: २५ अंशांना १० किलोओहम, ४० ला साधारण ५.३, ५० ला ३.६, ६० ला २.५. ओल शिरून रेझिस्टन्स घसरला की बीएमएसला वाटतं पॅक तापला. सॉकेट काढून मोजा आणि या आकड्यांशी ताडून बघा.

उलटा प्रकार जास्त वाईट. सेन्सर पॅकच्या गार कडेला चिकटवलेला असतो आणि मधला गट त्याहून १०-१५ अंश जास्त गरम असतो. बंद पडायचा त्रास नको म्हणून सेन्सरच्या जागी साधा रेझिस्टर टाकून देणारे महाभाग आहेत. तशी गाडी घरात चार्जिंगला लावू नका.

रसायन कोणतं, ते माहीत हवं

एनएमसी सेलचं नॉमिनल व्होल्टेज ३.६ ते ३.७, फुल ४.२. एलएफपीचं ३.२ आणि ३.६५. एलएफपी हे रसायन १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणलं. त्यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो आणि तापल्यावर सहज सुटत नाही, म्हणून ते उन्हाळ्याला जास्त सोसतं. त्याची खोड वेगळी: ३० ते ८० टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जवळपास सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टेजवर चालणारं मीटर सर्रास चुकीचे टक्के दाखवतं. एलएफपी पॅक आठवड्यातून एकदा पूर्ण भरा, मीटर आणि बॅलन्स दोन्ही जागेवर येतात. एनएमसी मात्र रोज ८० टक्क्यांवर थांबवलेलं बरं, घाटाच्या दिवशी आणि महिन्यातून एक-दोनदा फुल. एकाचा चार्जर दुसऱ्याला लावू नये हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण प्लग सारखाच असतो.

६० अंशांवर पॅक पेट घेत नाही. साधारण ८०-९० अंशांच्या पुढे ग्राफाइटवरचा संरक्षक थर विरघळायला लागतो आणि सेल स्वतःच उष्णता तयार करतो, १३० च्या आसपास पॉलिथिलीनचा पडदा वितळतो, पुढे आतल्या आत शॉर्ट. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरी सुरक्षेचं एआयएस-१५६ मानक कडक झालं आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. स्थानिक जुळणीचा किंवा त्याआधीचा पॅक असेल तर वरच्या तपासण्या दर मार्चमध्ये करा.

चार्जिंगच्या वेळा

घाट उतरून आल्यावर लगेच चार्जर लावायचा नाही. चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते. त्याच्या वर बीएमएस चार्जिंग नाकारतं आणि लोक चार्जर बिघडला म्हणून दुकान गाठतात. दोन तास सावलीत उभी करा, सीट उघडी ठेवा. ओलं पोतं टाकून गार करायचा उद्योग नको, पाणी शेवटी कनेक्टरमध्येच जातं. चार्जर डिक्कीत ठेवून झाकण लावू नका, तो स्वतः ६०-७० वॅट उष्णता टाकत असतो.

वर एखाद्या हॉटेलात जेवताना बॅटरी शंभर टक्के करून घेतली, तर उतारावर रीजेन ब्रेकची (ब्रेक लावताना मोटर तयार करून बॅटरीत परत पाठवते ती) ऊर्जा घ्यायला जागा उरत नाही आणि ब्रेक अचानक हलका लागतो. वर ८५ टक्क्यांना थांबा.

पॅकचं कवच फुगलं असेल, नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत असेल किंवा बारीक फुस्स आवाज येत असेल, तर तपासणी नाही, चार्जिंग नाही. गाडी घर, गोठा, गंजी यांच्यापासून लांब, मोकळ्यात उभी करा. धूर निघाला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहा, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतो. आग लागलीच तर १०१ वर अग्निशमनला कळवताना लिथियम बॅटरी आहे हे आधी सांगा. विझवायला भरपूर पाणी लागतं, आणि विझलेला पॅक काही तासांनीही पुन्हा पेटू शकतो, त्यामुळे तो पुढचे २४ तास कशाच्याही आडोशाला नेऊ नका.